‘अप्पांची मंडळी’ ग्रुप : पेटी नेणार का?

रोहिणीवहिनी (सावेडी): सगळ्यांना सलाम. अमोल, चर्चच्या तरुण संघाच्या दौऱ्याचं पत्रक आज कृपाने दाखवलं. २७ ते ३० डिसेंबर, पहाटे ५ ला गाडी, माणशी १,८५० रुपये, सतरंजी-पांघरूण आपापलं. मुली झोपणार कुठे ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि हा गाण्याचा दौरा आहे की श्रमदानाचा? ‘गायन व सेवा’ म्हणजे पोरांनी नक्की करायचं काय?

सुहास (ठाणे): वहिनी, मे महिन्यात नंदाआत्याकडे आम्ही जे करायचो तेच. विहिरीचं पाणी शेंदायचं आणि वर गाणं म्हणून दाखवायचं.

नंदाआत्या: सुहास, तू आयुष्यात एक बादली शेंदली नाहीस. अमोल, पेटी नेणार का?

वैशूताई: केडगावला जायचंय ना? मग पहाटे ५ कशाला? रिक्षाने पंधरा मिनिटं लागतात. मुक्काम तरी कशाला?

अमोल: ताई, आपल्या नगरचं केडगाव नाही. दौंडकडचं. मुक्ती मिशनचं.

वैशूताई: मग तसं लिहा की पत्रकात! मी म्हटलं रेणुकामातेच्या देवळापाशी ही पोरं दोन दिवस काय गाणार.

सुहास: 😂😂 ड्रायव्हरला तरी सांगितलंय ना कुठलं केडगाव? नाहीतर सव्वापाचला पोचाल.

शांतवनकाका: सर्वांस प्रभूच्या नावात सलाम. तरुणांनी केडगाव निवडले याचा आनंद वाटला. पंडिता रमाबाई आधी मुंबईत, मग पुण्यात शारदा सदन चालवीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या व मुक्ती उभे राहिले. बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी तेथेच केले. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीच्याच स्त्रिया. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई गेल्या. अहमदनगरच्या मुलांनी हे वाचून जावे, नुसते टाळ्या घ्यायला जाऊ नये.

सुहास: काका, आता अहिल्यानगर.

शांतवनकाका: मी एक्याऐंशी वर्षे नुसते नगर म्हणतो. आज चुकून पूर्ण लिहिले तर लगेच पकडलेस.

बाळूकाका (पुणे): शुभ सकाळ. (फुलांचं चित्र)

नंदाआत्या: बाळू ऑनलाइन आहे. पेटी नेणार का?

बाळूकाका (पुणे): १,८५० कसे काढले? किती मुलं? हिशोब टाकावा.

अमोल: काका, ३४ मुलं-मुली आणि ४ मोठे. ३८ जणांचे ७०,३०० होतात. बसचे ४८,०००. उरलेल्यात चार दिवसांचा शिधा. स्वेटर-चादरी मंडळीतून गोळा केल्यात, त्यांचा खर्च नाही. मिरजेत एक रात्र चर्चच्या हॉलमध्ये, त्याचं भाडं नाही.

रोहिणीवहिनी (सावेडी): हॉलमध्ये मुलं-मुली एकत्र?

बाळूकाका (पुणे): केडगाव कमी पडलं म्हणून मिरज? डिसेंबरात त्या रस्त्यांना उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा नाही. रात्रीचा प्रवास अजिबात नको.

अमोल: रात्रीचा प्रवास नाहीच काका, म्हणून तर पहाटे निघतोय. २८ ला रविवार, सकाळी केडगावला उपासनेत गायन. दुपारी जवळच्या ऊसतोडीच्या कोप्यांवर. २९ ला मिरज. ३० ला सकाळी मिशन हॉस्पिटलच्या आवारात साफसफाई, रंगकाम आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी थोडं गायन. तिथून परत.

शांतवनकाका: वॉनलेस साहेबांचे हॉस्पिटल. १८९४ सालचे. माझे पोटाचे ऑपरेशन तिथलेच.

सुहास: काका, फोटो टाकू नका प्लीज. मागच्या वेळी टाकला होता.

वैशूताई: मिरजेला जाताय तर सतारमेकर गल्लीत नक्की जा पोरांनो. तंबोऱ्याचा भोपळा कसा कापतात ते बघण्यासारखं आहे. ते भोपळे पंढरपूरकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं.

नंदाआत्या: तंबोरे बघा, भोपळे बघा. घरच्या पेटीचं काय? पेटी नेणार का?

विनयदादा (बारामती): अमोल, कोप्यांवर नक्की काय करणार आहात? मी या भागात राहतो म्हणून स्पष्ट बोलतो. गाणी वगैरे तिथे नको. कोणी मोबाइलवर शूटिंग करून भलतंच काही पसरवलं तर पोरं अडकतील. दिवस कसे आहेत माहीत आहे ना.

नंदाआत्या: म्हणजे स्वेटर देताना तोंडाला कुलूप लावायचं? अप्पा मिशनच्या शाळेवर मास्तर होते तेव्हा गावच्या सप्त्यात वीणा धरायला त्यांना बोलावायचे. कोणी अडवलं नाही.

विनयदादा (बारामती): आत्या, अप्पांचा काळ वेगळा होता.

नंदाआत्या: काळ वेगळा नव्हता, अप्पा वेगळे होते.

(हा संदेश हटवला आहे — विनयदादा)

वैशूताई: विनय, काय लिहिलं होतंस? 👀

अमोल: थांबा सगळे. पाळकसाहेबांनी आधीच ठरवलंय. कोप्यांवर गायन नाही, प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत. मुकादमाशी आणि कारखान्याच्या माणसाशी बोलणं झालंय. आपल्याकडच्या दोन नर्स मुलांची वजनं-उंची बघणार, खरूज आणि खोकल्याची औषधं देणार. बाकीचे मुलांशी खेळणार. आईबाप फडात असतात, पाच-सहा वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला सांभाळत बसलेली असते. मागच्या महिन्यात बघून आलोय. कोपी म्हणजे काय असतं तेच आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नाही. वाकून आत जावं लागतं, आत चूल, गोधड्या आणि एक पत्र्याची पेटी.

सुहास: नंदाआत्या, ही ती पेटी नव्हे.

वैशूताई: सुहास, गप्प बस रे. ते लोक काही परके नाहीत. पाथर्डी-शेवगावची निम्मी गावं दिवाळीनंतर तिकडेच जातात. माझ्या वर्गातली सात मुलं नोव्हेंबरपासून पटावर आहेत, बाकावर नाहीत.

विनयदादा (बारामती): मग माझी हरकत नाही. मी औषधांचा एक खोका देतो. आत्या, तुमच्याविषयी काही वाईट लिहिलं नव्हतं.

नंदाआत्या: मी वाचलं होतं हटवायच्या आधी. असो. पेटी नेणार का?

सुहास: नंदाआत्या हे वाक्य कॉपी करून ठेवलंय का?

रोहिणीवहिनी (सावेडी): माझा प्रश्न कोणी वाचला का?

शांतवनकाका: मुलांनी टिळकांची भजने बसवली आहेत काय? नारायण वामन टिळक १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन मग नगरलाच मिशनमध्ये काम करू लागले. अभंग, ओवी, कीर्तन हे सगळे त्यांनी व सांगळे कृष्णरावांनी आपल्या उपासनेत आणले. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात त्यांची पाने भरली आहेत. हल्लीची मुले मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी वाचतात.

अमोल: काका, चार आवाजांत तीन गाणी इंग्रजी, तीन मराठी. साथीला कीबोर्ड आणि कहोन.

शांतवनकाका: कहोन म्हणजे?

सुहास: खोका, काका. त्यावर बसायचं आणि त्यालाच बडवायचं.

शांतवनकाका: आमच्याकडे शेंगदाणा तेलाचा डबा होता.

कृपा: मी बोलू का? आईने मला न विचारता इथे लिहिलं म्हणून मी चिडले होते, पण आता मीच सांगते. मागच्या नाताळात आम्ही एका वृद्धाश्रमात गायलो होतो. तिथले सगळे छान हसत बसले होते, पण पाहुणे आल्यावर बसतात तसे. चौथ्या गाण्यानंतर शेवटच्या रांगेतल्या एका आजीने मध्येच टिळकांचं एक भजन सुरू केलं. हातात चहाचा रिकामा स्टीलचा पेला, त्यावर बांगडी वाजवत ठेका धरलेला. मग तिच्या बाजूच्या दोघी, मग सगळा हॉल. आणि आम्ही ३० जण पुढे फाईल धरून उभे. मला पहिली ओळ येत होती, दुसरी नाही. कीबोर्डवाल्याने त्यांची पट्टी शोधायचा प्रयत्न केला तोवर पहिलं कडवं संपलं. आजीने माझ्याकडे बघितलं. मी नुसते ओठ हलवले. तिला कळलं.

कृपा: त्या दिवसापासून मी नंदाआजीकडे दर गुरुवारी जाते. ११ भजनं झालीत. आईला वाटतं मी क्लासला जाते.

रोहिणीवहिनी (सावेडी): कृपा???

सुहास: 😳 ग्रुपवरच कबुलीजबाब.

नंदाआत्या: गुरुवारी क्लास साडेसहाला असतो, ती साडेसातला येते. क्लास बुडवत नाही पोरगी. जेवून जाते. आणि तिला कीबोर्डवर कोमल धैवत मिळतो पण भजन मिळत नाही. पेटीचा भाता ओढला की माणूस आपोआप श्वास कुठे घ्यायचा ते शिकतो. म्हणून विचारतेय. कीबोर्ड न्या, खोका न्या, माझं काही म्हणणं नाही. पेटी नेणार का? बाळू, हा प्रश्न अमोलला नाही हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

वैशूताई: आता बोला.

बाळूकाका (पुणे): अक्का, हे ग्रुपवर बोलायचं नाही.

नंदाआत्या: फोन तू उचलत नाहीस. अप्पा जाऊन बारा वर्षं झाली. ‘नगरला ओल आहे, पुण्यात नीट राहील’ म्हणून नेलीस. तुझ्या हॉलमध्ये टीव्हीखाली, वर मनीप्लांट. मी काही मागितलं नाही, घर नाही, भांडी नाहीत. चार दिवसांसाठी पेटी मागतेय, तीही पोरांना.

सुहास: (काहीतरी विनोद लिहिला होता, पुसला.)

शांतवनकाका: दोघांनी शांत व्हावे. 🙏

(पाऊण तास कोणाचाच मेसेज नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या.)

बाळूकाका (पुणे): भाता उंदरांनी खाल्लाय.

बाळूकाका (पुणे): करोनात आम्ही मुलीकडे अडकलो होतो, सात महिने घर बंद. आल्यावर झाकण उघडलं तर आत कागदाचा भुगा आणि पिल्लं. मधल्या सप्तकातले चार स्वर वाजत नाहीत. वरच्या पट्टीवर अप्पांच्या अंगठीने पडलेला चरा आहे ना, तो तेवढा तसाच आहे. दोनदा दुरुस्तीला न्यायला काढली. लिफ्टपर्यंत नेली आणि परत आणली. दुकानदार म्हणाला असता नवीन घ्या, तर मी काय बोललो असतो. म्हणून वर कुंडी ठेवली. कोणी उघडायला नको.

वैशूताई: काका 😔

नंदाआत्या: मूर्खा.

नंदाआत्या: पाच वर्षं मी समजत होते तुझ्या सुनेने विकली.

बाळूकाका (पुणे): अक्का, सून ग्रुपवर आहे.

सुहास: सून ऑनलाइन आहे.

नंदाआत्या: वाचू दे. मी तिला नंतर फोन करते, आधी पेटीचं बघू. भाता बदलता येतो. अप्पांनी दोनदा बदलून घेतला होता. सूर महत्त्वाचे, चामडं नाही.

वैशूताई: मिरजेतच करून घ्या ना, वाद्यांचं गाव आहे.

शांतवनकाका: मिरज तंतुवाद्यांचे. पेटीवाले पुण्यातच चांगले.

अमोल: काका, आज १२ तारीख आहे. आठ-दहा दिवसांत होईल का? मी रविवारी पुण्यात येतोय, सोबत नेऊ.

बाळूकाका (पुणे): तू ये. मी एकटा गेलो तर पुन्हा लिफ्टपासून परत येईन. झाली तर २७ ला मीच दौंडच्या गाडीने केडगाव स्टेशनला घेऊन येतो. मांडीवर. टपावर किंवा डिकीत ठेवायची नाही, आधीच सांगतो.

सुहास: कुठलं केडगाव, काका?

नंदाआत्या: अमोल, ३८ नाही, ३९ जण. मी पण येणार. पहिल्या सीटवर, गुडघे दुखतात. आणि कृपा, गुरुवारी नको, उद्यापासून रोज ये.

अमोल: आत्या, १,८५० 🙈

नंदाआत्या: पेटीचं भाडं वळतं करून घे.

रोहिणीवहिनी (सावेडी): पेटी मांडीवर, आत्या पहिल्या सीटवर. सगळ्यांची सोय झाली. माझी मुलगी झोपणार कुठे, हे आता तरी कोणी सांगेल का?

अमोल: वहिनी, मी तुम्हाला फोन करतो.

रोहिणीवहिनी (सावेडी): फोन नको. इथेच लिही.