विषबाधेचा रुग्ण हाताळताना कॅज्युअल्टीतील कर्मचाऱ्यांनी काय काळजी घ्यावी?

प्रश्न (परिचारिका, हडपसर):
नमस्कार. गेल्या महिन्यात रात्रपाळीत दौंडकडचा एक शेतकरी ‘औषध प्यायला’ म्हणून आमच्याकडे आणला गेला. उलटीने भिजलेला त्याचा सदरा वॉर्डातील मामांनी (मदतनीस) कात्रीने कापला आणि स्ट्रेचरखालीच ठेवला. तासाभरात मामांचे डोके दुखू लागले, डोळ्यांतून पाणी येऊ लागले. ‘वासाने होतं तसं’ म्हणून त्यांना चहा देण्यात आला. लॅटेक्सचे हातमोजे आणि सर्जिकल मास्क एवढेच आम्हाला मिळते. व्यवस्थापनाकडे नेमके काय मागावे?

उत्तर (तातडी विभागातील डॉक्टर):
सिस्टर, कीटकनाशकातील द्रावकाच्या वासाने डोके दुखते हे खरे. परंतु ऑर्गॅनोफॉस्फेट (अनेक कीटकनाशकांतील विष) कातडीतूनही शरीरात जाते, म्हणून विषय चहावर मिटवू नये. पातळ लॅटेक्समधून ते झिरपते. नायट्रिलचे हातमोजे (एकावर एक दोन), पाणी न शोषणारा गाऊन आणि गॉगल मागा. अंगावरचे बहुतेक विष कपड्यांबरोबरच निघते, तेव्हा कपडे दुहेरी पिशवीत बांधून बाहेर ठेवावेत आणि अंग, केस, नखांच्या खाचा साबण-पाण्याने धुवाव्यात. मात्र धुण्यासाठी अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) किंवा श्वासाची नळी थांबवू नये.

उत्तर (भूलतज्ज्ञ):
धान्यात ठेवण्याच्या गोळ्यांचे, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइडचे, प्रकरण वेगळे आहे. पोटातील आम्ल आणि ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि एन-९५ मास्क कण अडवतो, वायू नव्हे. अशा रुग्णाला नळी घालताना मी एकदा तोंडाजवळ वाकलो; कुजक्या माशासारखा वास येईपर्यंत दोन श्वास घेऊन झाले होते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पंख्याने हवा बाहेर काढावी, सक्शनची बाटली (पोटातून, तोंडातून ओढलेला द्रव जमा होतो ती) झाकलेली असावी.

उत्तर (रुग्णालय प्रशासन):
टोकियोत २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सरिन हे मज्जासंस्थेवर घाला घालणारे विष सोडले गेले, तेव्हा सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले आणि त्यांना हाताळणाऱ्या ११० कर्मचाऱ्यांना लक्षणे जाणवली. सरिन हेही ऑर्गॅनोफॉस्फेटच. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांपासून आपण फार दूर नाही, हे अर्जात अवश्य लिहा. खर्चाचा आकडा त्यापुढे किरकोळ दिसतो.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. रुग्णवाहिका थांबते त्या पोर्चमध्ये एक नळ आहे. तिथे पडदा आणि सांडपाण्याची सोय मागते. पुढच्या पाळीपासून कपडे तिथेच काढायचे, हे मामांना आजच सांगितले.