विंदालूचं मूळ

पोर्तुगालचं जेवण सपक, गोव्याच्या जेवणाशी काही संबंध नाही असं कुणी कुणी म्हणतात. सपक हे मान्य, पण संबंध नाही हे अजिबात नाही पटलं. मी म्हापशाची, लिस्बनला भावाकडे राहिले होते तेव्हा शेजारच्या, मदेरा या पोर्तुगीज बेटावरच्या आजींनी नाताळात 'कार्नि द विन्या द आल्युश' खाऊ घातलं, म्हणजे वाइन किंवा व्हिनेगर आणि लसणीत दोनतीन दिवस मुरवलेलं डुकराचं मांस. हेच आपलं गोव्याचं विंदालू! (नावात 'आलू' ऐकू येतं, पण त्यात बटाटा नसतोच, पोर्तुगीजमध्ये 'आल्यु' म्हणजे लसूण.) आपल्याकडे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर आलं आणि मिरची पडली, तीही पोर्तुगीजांनीच आणलेली. आजींच्या भांड्यात मिरची नव्हती, नुसती लसूण आणि तमालपत्र, पण झाकण काढल्यावर जो आंबटसर वास आला ना, थेट आमच्या शेजारणीचं नाताळातलं स्वैपाकघर, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.