कोंबडीने तार गिळली, काय करू?

खुराड्याची जाळी कापताना पडलेला सेंटिमीटरभर तुकडा आमच्या गावठी कोंबडीने सकाळी गिळला. दाणे खातेय, विष्ठाही नेहमीसारखी. एरंडेल पाजू का?

उत्तर १
नको ताई. तेल पाजल्याने तार निघत नाही, उलट श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. उलटं धरून झटकूही नका. आजच एक्स-रे काढा. खड्यांच्या मदतीने दाणे दळणारं गिझर्ड (कोंबडीचं स्नायूंचं पोट) जोरात आवळतं, तेव्हा टोकदार तार त्याच्या भिंतीतून आरपार जाऊ शकते.

उत्तर २
जाळी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, असेल तर जस्ताचंही विष. पोटातल्या आम्लात मुलामा विरघळतो. हिरवट पातळ विष्ठा, पडलेले पंख, फिका तुरा दिसला की थांबू नका. डॉक्टर कॅल्शियम ईडीटीएची (जस्ताला बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं देतात, पण तुकडा आतच राहिला तर विष पुन्हा चढतं. जाळीचा नमुना सोबत न्या. तोवर वेगळी ठेवा, विष्ठा रोज तपासा, अंडी खाऊ नका.

उत्तर ३
बाकीच्या कोंबड्यांना त्या जागी सोडू नका. चकाकणारं काहीही टोचतात. आधी माती चाळा, मग चुंबक फिरवा. शिसं, पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते हातानेच वेचावं लागतं.