मदत हवी आहे: तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मोठी दुर्बीण घ्यायचीय (१० इंची की १२ इंची?)

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही आणि या जन्मी लागेल असं सोसायटीची मीटिंग बघून वाटत नाही. सहा वर्षं माझ्याकडे ८ इंची एफ/६ डॉब्सोनियन आहे (पेटीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण; ८ इंच हा आरशाचा व्यास, एफ/६ म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट). नाभीय अंतर १२०० मिमी, नळकांडं सव्वा मीटरच्या आत, हॅचबॅकच्या मागच्या सीटवर आडवं जेमतेम बसतं. पूर्वी वांगणीला जायचो, पण आता तिथून बदलापूरच्या बाजूचं आकाश पहाटेपर्यंत पिवळट दिसतं. म्हणून हल्ली अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे, नातेवाइकांच्या शेतावर.

मागच्या फेब्रुवारीत नळकांडं उतरवताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कंबरेत उसण भरली. आठ दिवस आडवा. डॉक्टरांनी सांगितलंय की एका वेळी १२ किलोच्या वर काही उचलायचं नाही. शहाण्या माणसाने यावर छोटी दुर्बीण घेतली असती. मला मोठी हवी आहे.

कारण त्याच शेतावर एका मित्राच्या १२ इंचीतून एम ५१ ही सर्पिल दीर्घिका पाहिली. माझ्या ८ इंचीत ती दोन धुरकट ठिपके आणि भोवती थोडं धुकं अशी दिसते. वळसे आहेत हे माहीत असतं म्हणून दिसल्यासारखे वाटतात. त्या रात्री ते खरंच दिसले. एम १३ या तारकागुच्छात गाभ्यापर्यंत सुटे तारे होते. त्यानंतर घरी येऊन गणित केलं: ८ वरून १० वर गेलो तर प्रकाश सुमारे १.५६ पट, १२ वर गेलो तर २.२५ पट. प्रतीच्या (ताऱ्यांची तेजस्विता मोजायच्या एककाच्या) भाषेत अनुक्रमे जवळपास अर्धी आणि ०.९ प्रत.

बजेट दीड लाख. फक्त डोळ्यांनी बघतो. फोटोग्राफी, गोटू (दुर्बीण आपोआप वस्तूकडे वळवणारी यंत्रणा), मोटर काही नको. डोक्यात तीन पर्याय आहेत: १० इंची अखंड नळकांड्याची, १२ इंची घडी होणारी (दांड्यांवर खाली सरकते ती), किंवा पूर्ण सुटी होणारी ट्रस डॉब (नळकांड्याऐवजी दांड्यांचा सांगाडा असलेली डॉब्सोनियन). आरसा चांगला आहे की नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं, हेही सांगा. विक्रेते सगळेच ‘डिफ्रॅक्शन लिमिटेड’ (म्हणजे आरशाचा दोष जाणवणार नाही इतका कमी) म्हणतात.

प्रतिसाद १
थेट १२ घ्या. १० घेतलीत तर दोन वर्षांनी पुन्हा इथेच धागा काढाल. घडी होणारी आली की गाडीचा प्रश्न मिटला. जिन्यासाठी शेजारच्या पोराला हाताशी धरा.

प्रतिसाद २
वरच्यांशी पूर्ण असहमत, आणि ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून सविस्तर लिहितो.

घडी होणाऱ्या दुर्बिणीत लांबी कमी होते, वजन नाही. उलट सरकणाऱ्या दांड्या आणि त्यांचे खटके धरून ती त्याच मापाच्या साध्या नळकांड्यापेक्षा जडच भरते. आरसा, त्याची बैठक, खालचं अर्धं नळकांडं, दांड्या, वरचा भाग, सगळं एकाच तुकड्यात. माझी १२ इंची तशी आहे. नुसतं नळकांडं २० किलोच्या वर, आणि खालची पेटी तेवढीच. गाडीत मस्त बसते. पण तुमची कंबर गाडीत नाही, जिन्यात गेली होती ना?

तेव्हा एकूण वजन बघूच नका. सगळ्यात जड तुकडा किती किलोचा, एवढाच आकडा तुमच्या कामाचा. ट्रसमध्ये चार भाग होतात: आरसापेटी, वरचा पिंजरा (दुय्यम आरसा आणि फोकसर, म्हणजे आयपीस बसते ती पुढेमागे सरकणारी नळी), दांड्या, आणि खालची फिरती पेटी. जड तुकडा म्हणजे आरसापेटी. १० इंची, ३० मिमी जाड पायरेक्सचा आरसा साडेतीन किलोच्या आसपास भरतो; १२ इंची, ३५ मिमी जाडीचा साडेपाच ते सहा. त्यावर लाकूड आणि बैठक आली. म्हणजे १० इंचीची आरसापेटी नीट बांधली तर तुमच्या १२ किलोत बसते. १२ इंचीची बसवायला पातळ प्लाय, पातळ आरसा, सगळीकडे काटकसर करावी लागेल.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. एफ/५ धरलं तर १२ इंचीचं नाभीय अंतर १५०० च्या पुढे. डोक्यावरची वस्तू बघताना डोळा जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, म्हणजे उभं राहून, थोडं वाकून. १० इंचीला हेच सव्वा मीटरच्या आसपास येतं, स्टुलावर बसून बघता येतं. चार तास अर्धवट वाकून उभं राहणं हे तुमच्या कंबरेला जिन्याइतकंच महागात जाईल. आपल्याकडून १९ अंश अक्षांशावर एम ४४ तारकागुच्छ, एम १ तेजोमेघ, कृत्तिका सगळे जवळपास डोक्यावरून जातात. त्यात डॉब नेमकी डोक्यावर फिरवायला सगळ्यात वैताग, हे वेगळंच.

धागाकर्ता
प्रतिसाद २, हात जोडतो. घडीच्या दुर्बिणीची ऑर्डर परवा देणारच होतो.

पण ट्रसबद्दल भीती अशी की दर वेळी जोडायची, दर वेळी कोलिमेशन (दोन्ही आरसे एका रेषेत जुळवणं). माझ्या ८ इंचीचं महिनोन्‌महिने हलत नाही. आणि उघड्या सांगाड्यात शेतावरचं दव?

प्रतिसाद ३
दवासाठी काळं कापडी आवरण शिवून घ्या; लायक्राचं ताणून बसतं, लोंबत नाही. बाजूच्या टॉर्चचा उजेडही अडतो. दुय्यम आरशावर तरीही दव धरतं. दमट रात्री बारीक हीटर लागतोच, नाहीतर दोन वाजता सगळं धुरकट होतं आणि आपण आकाशाला शिव्या देतो.

कोलिमेशन दर वेळी करावं लागतं हे खरं. सवयीने पाच मिनिटं. लेझर वापरत असाल तर आधी लेझर स्वतः सरळ आहे का बघा: फोकसरमध्ये गोल फिरवा, ठिपका जागेवर राहिला पाहिजे. माझा पहिला लेझर स्वतःच वाकडा होता, मी सहा महिने निमूटपणे आरसा बिघडवत होतो.

आणि पोचल्या पोचल्या शनी लावू नका. डोंबिवलीच्या उकाड्यातून आलेला जाड काच निवायला पाऊण-एक तास घेतो. आरशामागे संगणकातला १२ व्होल्टचा पंखा लावला की लवकर निवतो.

प्रतिसाद ४
आरसा कसा ओळखायचा ते राहिलं. कागदावरच्या १/८ वेव्ह (आरशातली चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाइतकी) वगैरे आकड्यांवर जाऊ नका, तारा बघा. कोलिमेशन करून, आरसा निवल्यावर, मध्यम तेजाचा तारा २०० पट वर्धनात घ्या. फोकसच्या थोडं आत आणि तेवढंच बाहेर. दोन्हीकडे वर्तुळं सारखी दिसली तर आरसा चांगला. एकीकडे रेखीव आणि दुसरीकडे लोकरीसारखं पसरट असेल तर पृष्ठभागात गडबड. एफ/५ च्या आरशाला नीट परवलय लागतो, गोलाकार घासून चालत नाही.

परदेशी व्हिडिओत ध्रुवतारा घ्यायला सांगतात, कारण तो हलत नाही. आपल्याकडे तो जेमतेम १९ अंशांवर, तिथे हवा इतकी हलते की उत्तम आरसाही टाकाऊ ठरेल. उन्हाळ्यात मघा वर आली की ती घ्या. मात्र २०० पटीत ५० अंशी आयपीसमध्ये पाव अंश आकाश दिसतं, तारा मिनिटभरात क्षेत्राबाहेर जातो. एका हाताने ढकलत राहायचं.

हौस असेल तर पेटी स्वतः बनवा. मी आयुकातल्या (पुण्याची खगोलशास्त्र संस्था) कार्यशाळेत ६ इंची आरसा घासला आहे: कार्बोरंडमने घासणं, मग पिचवर सीरियम ऑक्साइडने पॉलिश, मग आरशाचा आकार तपासायची फूको चाचणी. त्या अनुभवावरून सांगतो, पहिलाच आरसा १० इंची एफ/५ घासू नका. आरसा विकत, लाकूडकाम घरचं. डॉब्सोनियनला ज्यांचं नाव आहे त्या जॉन डॉब्सन यांनी जहाजाच्या खिडक्यांची टाकाऊ काच आणि पुठ्ठ्याची नळकांडी वापरून दुर्बिणी बनवल्या. आपल्या सुताराला १८ मिमी प्लाय आणि खरखरीत सनमायका समजावणं त्यापेक्षा सोपं आहे. सनमायकावर टेफ्लॉनचे तुकडे सरकतात, तीच बेअरिंग. गुळगुळीत सनमायका मात्र नको, ती आधी चिकटते आणि मग झटक्यात सुटते.

प्रतिसाद १
शेजारच्या पोराचा मुद्दा कुणी मनावरच घेतला नाही 🙂

धागाकर्ता
घेतला होता. तो जुलैत पुण्याला शिकायला चाललाय.

ठरलं ते सांगतो. १० इंची एफ/५, ट्रस, आरसा विकत आणि पेटी ओळखीच्या सुताराकडून. पावसाळ्यात तसंही चार महिने आकाश नाही, तेवढ्यात लाकूडकाम होईल. ८ इंची विकणार नाही. ती शेतावरच ठेवायचा विचार आहे, उंदरांचा बंदोबस्त झाला तर. १२ ची हळहळ आहेच, पण मित्राची आहे तोवर तिच्यावर डोळा ठेवता येईल.

आता शेवटचं. सुताराला प्लाय १२ मिमी सांगू की १८, हे आरसापेटीच्या वजनावर ठरेल. कुणाकडे १० इंची ट्रस असेल तर आरसापेटी तेवढी वजनकाट्यावर ठेवून कळवता का? आरशासकट, आणि पंखा असेल तर पंख्यासकट.