नावावरून लिंग ओळखताना

शोधनिबंधांच्या लेखकांच्या नावांवरून लिंग ओळखून मोजणी केली की संशोधनातील स्त्री-पुरुष विषमता आपोआप समोर येते, हे म्हणणे मला अर्धेच पटते. या पद्धतीचे मोल मोठे आहे: 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात 2013 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात 54 लाखांहून अधिक शोधनिबंध तपासले गेले आणि लेखकत्वाचा वाटा सहलेखकांत विभागून मोजल्यावर स्त्रियांचा हिस्सा 30 टक्क्यांहूनही कमी भरला. एवढा पसारा हाताने मोजणे अशक्यच होते.

पण 'वेई' हे चिनी नाव घ्या. मूळ लिपीत एका चिन्हाने ते बहुधा पुरुषाचे, तर दुसऱ्याने स्त्रीचे ठरते. रोमन लिपीत मात्र दोन्ही अगदी सारखी दिसतात. अशी नावे 'अनिश्चित' म्हणून गाळली, की ज्या समाजांचे प्रतिनिधित्व तपासायचे तेच आकडेवारीतून निसटतात, आणि हे मला फार खटकते. आपले नाव फक्त आद्याक्षरांनी लिहिणाऱ्यांचेही तेच. शिवाय स्त्री-पुरुष या दोनच रकान्यांत न बसणाऱ्यांना तर तिथे जागाच नसते. म्हणून प्रत्येक निष्कर्षासोबत किती नावे गाळली आणि ती कोणत्या भाषांतील होती, हे छापलेच पाहिजे.