एकाचं दार उघडं, शेजारचं बंद : वेळांचे अनुभव लिहा

सुट्टीच्या दिवसांत आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांचा रात्री जेवताना ठरलेला प्रश्न असतो, "उद्या काय कधी उघडं असतं?" मग मी कागद घेऊन बसते. किल्ल्याच्या होड्यांची वेळ वेगळी, स्कूबाची वेगळी आणि त्सुनामी आयलंडची तर रोज नवी. मालवण, तारकर्ली, देवबाग हा सगळा एकच पट्टा. पाहुण्यांना वाटतं आम्ही मनमानी करतो. "सगळ्यांनी मिळून नऊ ते सहा ठेवायला काय होतं?" असं एका काकांनी मला सोलकढी पिता पिता सुनावलं.

तेव्हा शेजारशेजारची ठिकाणं आणि त्यांच्या न जुळणाऱ्या वेळा, यावर ज्याला जे माहीत आहे ते लिहा. तिकीटखिडकीच्या आत बसलेल्यांनी तर नक्की लिहा. बाहेर उभं राहून चिडलेल्यांचंही स्वागत. सुरुवात मीच करते.

देवबाग, होमस्टे चालवणारी

स्कूबा सकाळी, कारण सकाळी वारा जमिनीकडून असतो, पाणी शांत आणि त्यातल्या त्यात नितळ. दुपारी खारा वारा सुटला की लाट उठते, वाळू ढवळते, खाली काही दिसत नाही. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्ली नदीच्या मुखापाशी असलेला वाळूचा पट्टा. ओहोटीला तिथे पाय टेकतात, भरतीला त्यावर नुसतं पाणी. मग तिथली वेळ कशी ठरवून ठेवणार? आणि सिंधुदुर्ग किल्ल्याला ओहोटी-भरतीचं तेवढं नाही, पण गेलेला प्रत्येक माणूस अंधाराच्या आत परत आणायचा असतो, म्हणून शेवटची फेरी उन्हं कलायच्या आधी.

माझे सासरे आयुष्यभर होडीवर होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "सकाळी वारो नसलो तर धा वाजेपर्यंत चार खेपो होतत. वारो सुटलो काय एक खेप करूक दम लागता." माझ्या कागदावरचं अर्धं वेळापत्रक यातच आलं.

पावसाळ्यात मेरीटाइम बोर्डाच्या आदेशाने होड्या आणि जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंदच असतात, हेही लोकांना इथे येऊन कळतं.

अलिबाग, घोडागाडीवाल्याचा मुलगा

कुलाबा किल्ल्याचं सांगतो. समोर किनाऱ्यावर भेळ, उंट, गाड्या सगळं रात्रीपर्यंत चालू, आणि हाकेच्या अंतरावरचा किल्ला मात्र पाण्यात. ओहोटीला चालत जाता येतं, घोडागाडीही जाते. पण "ओहोटी किती वाजता?" याचं उत्तर रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकतं.

आमच्या घरात घड्याळ नव्हतं तेव्हापासूनचा हिशोब असा : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून मोजायचं.

आता यात एक मेख आहे, ती बाहेरच्यांना कोणी सांगत नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, म्हणजे पर्यटकांसाठी सगळ्यात सोयीची. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी चढतही कमी आणि उतरतही कमी. म्हणजे वेळ सोयीची आणि वाटेत गुडघाभर पाणी. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा ओहोटीला पाणी चांगलं लांब जातं, वाट कोरडी होते, पण ती ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी. पहाटे कोण जातो? संध्याकाळी गेलात तर किल्ला बघून परत फिरेपर्यंत अंधार. म्हणून मधल्या तिथी बऱ्या. माझे वडील गिऱ्हाईक नाकारतात तेव्हा लोकांना वाटतं भाव खातोय. घोड्याच्या पोटाला पाणी लागलं की तो पुढे जात नाही, आणि घातलाच तर गाडी कलंडते. त्यात भाव कसला?

पुण्याहून, मुरुडला दर वर्षी जाणारा

जंजिऱ्याला शुक्रवारी पोचलो. राजपुरीच्या धक्क्यावर होड्या लागलेल्या, शिडं गुंडाळलेली, माणूस कोणी नाही. चहाच्या टपरीवर कळलं की जुम्म्याच्या नमाजाला सगळे गेलेत, दोननंतर सुरू होईल. बायको म्हणाली, देवळातही दुपारी दार लावतातच की. आम्ही मुरुडला परत जाऊन जेवून आलो. पाटी मात्र तेव्हा कुठे नव्हती, ती हवी. मुरुडसमोरच्या पद्मदुर्गाला तर रोज जाणाऱ्या होड्याच नाहीत, आधी विचारून ठरवावं लागतं. दोन किल्ले एकमेकांना दिसतात, पण एकीकडे रांग आणि दुसरीकडे शुकशुकाट.

ठाणे

हरिहरेश्वरला देऊळ उघडं आणि प्रदक्षिणेची वाट बंद, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गंमत वाटली होती. त्या पायऱ्या उतरून खाली खडकांत गेल्यावर नाही वाटली. भरतीला लाट कुठून येईल सांगता येत नाही, माणसं वाहून गेलेली आहेत. तिथले दुकानदार ओरडून परत बोलावतात, तेव्हा कृपा करून हसू नका.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरून वेळासला कासवं बघायला गेलो. पोचलो अकराला. कासवं सकाळीच समुद्रात गेली होती.

वेळास, घरी पाहुणे उतरवणारी

ठाण्याच्या ताई, तुमच्यासारखे खूप येतात हो, वाईट वाटून घेऊ नका. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला सोडतात. मधल्या वेळेत वाळू तापते, पिल्लू भाजून निघेल, आणि वर घारी-कावळे टपलेले. त्यातही अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेल्या टोपलीखाली त्या वेळी पिल्लं बाहेर आली असतील तरच सोडायची, नाहीतर नुसतं बघून परत. पैसे भरले म्हणून कासव अंड्यातून निघत नाही. 2002 पासून इथे संवर्धनाचं काम चालू आहे, आमचं गाव आता त्या वेळांवरच चालतं. फेब्रुवारी-मार्चात पहाटे पाचला चहा ठेवते, पिल्लं बघून आलेल्यांना पोहे, आणि दुपारचं जेवण लवकर, कारण सगळे पेंगत असतात.

चिपळूण, पूर्वी वॉटर पार्कात लाइफगार्ड

समुद्राचं सगळे सांगतायत, मी क्लोरीनच्या पाण्याचं सांगतो. पुणे-मुंबईच्या मधे एका ठिकाणी होतो, नाव नको. एकाच आवारात थीम पार्क आणि वॉटर पार्क, मालक एक, पार्किंग एक, तरी पाण्याची बाजू आधी बंद व्हायची. लोक रोज भांडायचे, "तिकडे अजून चालू आहे, आम्हालाच का बाहेर काढता?"

पहिलं कारण उजेड. ऊन तिरपं झालं की पाण्यावर चकाकी येते आणि तळ दिसत नाही. तळ दिसला नाही तर खुर्चीवर बसलेल्या माझा उपयोग काय? दिवे लावले तरी दिवसाइतकं स्वच्छ दिसत नाही. दुसरं म्हणजे पाणी. माणसं बाहेर गेल्यावरच तळ झाडायचा, फिल्टर उलटे धुवायचे (त्याला बॅकवॉश म्हणतात), क्लोरीन टाकून परत मोजायचं. मोठा डोस माणसं पाण्यात असताना देता येत नाही. हे सगळं रात्री व्हायला हवं, नाहीतर सकाळी पाणी हिरवट. आणि भाड्याचे कपडे! दिवसभराचे ओले नायलॉनचे कपडे धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे लावून ठेवायचे. त्या लॉन्ड्रीतल्या मावश्या आमच्यापेक्षा उशिरा घरी जायच्या.

कोरड्या बाजूचं उलट. त्यांची सकाळ उशिरा सुरू होते, कारण प्रत्येक राइड आधी रिकामी फिरवून बघतात, मेकॅनिक पट्टे, दांडे, ब्रेक तपासून सही करतो, मग पहिला माणूस बसतो. पण त्यांना अंधाराचं वावडं नाही. उलट अंधार पडला की रोषणाई, मिरवणूक, खाणंपिणं, तिथेच गल्ला. पाण्यातून निघालेली भुकेली माणसं आपोआप तिकडे वळतात. ओल्या केसांनी वडापाव खात उभी असलेली गर्दी बघितली की कळतं, वेळा कोणीतरी डोकं लावून ठेवल्यात. शिवाय दोन्ही एकदम सोडलं तर पार्किंगचं काय होईल, ते ज्याने एकदा शनिवारी बघितलंय त्याला विचारा.

गोराईलाही असंच जोडीचं होतं. एस्सेल वर्ल्ड 1989 चं, शेजारचं वॉटर किंगडम 1998 चं. तिथे तर अनेकजण लाँचने यायचे-जायचे, म्हणजे परत खाडी आलीच.

देवगड, निवृत्त शिक्षिका

लेकीकडे फ्लोरिडाला गेले होते. तिथे डिस्नेची चार पार्कं, मालक एकच, आणि चौघांच्या वेळा चार तऱ्हेच्या. जावई फोनवर रोज बघायचे, आज कुठलं किती वाजेपर्यंत. मला आधी पोरकटपणा वाटला. अ‍ॅनिमल किंगडम (हे 1998 चं, चौघांत धाकटं) बहुतेक सगळ्यांच्या आधी बंद होतं, कारण तिथे मोठ्या मोकळ्या माळावर जिराफ, हत्ती खरोखरचे आहेत आणि त्यांना रात्री आत न्यावं लागतं. ते सकाळी ताजेतवाने असतात म्हणून लोकांनीही सकाळी जावं. 1971 चं मॅजिक किंगडम मात्र आतषबाजीसाठी रात्रीपर्यंत चालू. एपकॉटमध्ये निरनिराळ्या देशांच्या दालनांचा अर्धा भाग सकाळी उघडतच नाही, अकराच्या सुमारास उघडतो. तिथे मुख्य आकर्षण खाण्यापिण्याचं, सकाळी आठला कोण येणार? त्यांच्याच हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी सोडतात, ही युक्ती कोकणातल्या हॉटेलवाल्यांनी ऐकून ठेवावी.

गर्दीचा अंदाज घेऊन तेच पार्क एका दिवशी जास्त वेळ, दुसऱ्या दिवशी कमी. एक तास जादा उघडं ठेवायचं म्हणजे झाडूवाल्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांचा तासाचा पगार, तो वसूल व्हायला हवा. आणि एक लवकर मिटलं की जोडतिकीट असलेली माणसं दुसऱ्यात जातात, पैसा घरातल्या घरात. चिपळूणच्या भाऊंचं वाचून वाटलं, इथून तिथून हिशोब सारखाच.

रत्नागिरी, रिक्षावाला

सोमवारी थिबा पॅलेस दाखवा म्हणतात. संग्रहालय सोमवारी बंद. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1886 ला इथे आणून ठेवलं, राजवाडा झाला 1910 ला, 1916 ला राजा गेला, एवढी गोष्ट मी रिक्षातच सांगून टाकतो आणि किल्ल्याकडे वळतो. दीपगृह बघायचं तर संध्याकाळी, दिवा लागायच्या आधीच्या थोड्या वेळात. घारापुरीची लेणीपण सोमवारीच बंद. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी, ते मात्र शहाणपणाचं केलंय, एक तरी उघडं सापडतं.

दापोली

सगळं दर्यावर ढकलू नका हो. निम्म्या ठिकाणी वेळ वेगळी असण्याचं कारण एवढंच की किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला असतो. मी इथलाच, मला सगळं माहीत आहे. कासवाची, भरतीची, नमाजाची वेळ मला पटते. पण नेटवर लिहिलेली वेळ जुनी, फोन उचलायला कोणी नाही आणि फाटकाला कुलूप, याला कुठला वारा कारण आहे? हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव कधी ते कुठेही लिहिलेलं नाही, तरी अख्ख्या तालुक्याला माहीत, कारण बोट लागली की माणसं तिथे असतातच. पर्यटनवाल्यांनी निदान खडूने एक फळा लिहावा. रोज पुसा, रोज लिहा.

देवबाग, होमस्टे चालवणारी

दापोलीकर, बोललात ते खरं. फळा आमच्या ओट्यावर लावलाय कालच. ओहोटी, वारा, होड्या चालू की बंद, एवढंच लिहिते. शेजारचा स्कूबावाला रोज संध्याकाळी येऊन स्वतःची ओळ लिहून जातो, त्याचं अक्षर वाईट आहे पण चालेल.

कोल्हापूर

ताई, आम्ही षष्ठीला येतोय. अलिबागकरांच्या हिशोबाने सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला. मग त्सुनामी आयलंडला साडेदहाला निघायचं ना?

देवबाग, होमस्टे चालवणारी

नाही, थोडं आधी. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकत जाते, आमच्याकडे ती मुंबई-अलिबागच्या आधी लागते. नऊला धक्क्यावर या, म्हणजे वाळू उघडी पडताना पोचाल आणि पाणी चढायच्या आत निवांत परत. स्कूबाही करायचा असेल तर त्याच दिवशी दोन्ही नका धरू, स्कूबा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. आदल्या रात्री फोन करा, वारा बघून सांगते. आणि गाडी पुलाच्या अलीकडे लावा, आत वळायला जागा नाही.