डुकरं तापून राहिले, कान जांभळे पडले, आफ्रिकन स्वाइन फीवर तर नाही ना?

हिंगणा_वराहपालक:
नमस्कार मंडळी, हिंगण्याकडे आमचं छोटं फार्म आहे. परवापासून दोन माद्या खाद्याला तोंडच लावत नाहीयेत, अंग नुसतं तापून राहिलं, बाकीचे कोपऱ्यात एकमेकांवर चढून पडले असतात अन् आज सकाळी मोठी मादी मेली. कानाची टोकं अन् पोटाखालची कातडी जांभळट झाली होती, नाकातून थोडं रक्त पण आलं होतं. खायला हॉटेलचं उरलंसुरलं अन् कोंडा देतो. हा आफ्रिकनवाला रोग आहे का साधा ताप? व्यापारी म्हणतो कमी भावात देत असाल तर बाकीचे आजच उचलतो. घरात लहान पोरं आहेत, त्यांना काही होईल का? लवकर सांगा जी.

वेट_सेमिनरीहिल्स:
दादा, पहिले त्या व्यापाऱ्याला नाही म्हणा, बाकीचं मग बोलू. पोरांची काळजी सोडा, हा रोग माणसाला होत नाही, २००९ मधला स्वाइन फ्लू वेगळा होता. पण डुकरांत हा आला तर कळपच्या कळप जातो, अन् तुमची आजारी डुकरं गाडीत चढली की ती गाडी ज्या ज्या फार्मवर जाईल तिथे रोग पोचला समजा.

आता आफ्रिकन का साधा, हे डोळ्यानं पाहून मी काय, कोणीच सांगू शकत नाही. साधा म्हणजे क्लासिकल स्वाइन फीवर, त्यातही असाच ताप, असेच जांभळे डाग, अन् तोही काही कमी मारत नाही. दोन्हीचे व्हायरस पार वेगळे आहेत, क्लासिकलची लस आपल्याकडे मिळते, आफ्रिकनची भारतात नाही अन् औषधही नाही. फरक फक्त लॅबमध्ये कळतो, सॅम्पल भोपाळच्या हाय सिक्युरिटी लॅबला जातात. म्हणून आत्ताच १९६२ ला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा नाहीतर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अन् मेलेली मादी फाडून पाहू नका, रक्तात व्हायरस खच्चून भरलेला असतो, थेंब सांडला तरी गोठाभर पसरतो. नाल्यात तर अजिबातच फेकू नका, डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्यासमोर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

कामठी_फार्म:
भाऊ ते हॉटेलचं खरकटं कच्चंच देता का? आपल्याकडे सगळे तेच करतात, फुकट मिळते म्हणून, पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तर रोग तिथूनच येतो. हा व्हायरस फ्रीझरमधल्या मांसात महिनोन्महिने जिवंत राहतो, खारवलेल्या-वाळवलेल्यात पण. चीनमध्ये २०१८ ला आला तेव्हा खरकट्यावर पोसलेल्या फार्मांचे असेच हाल झाले होते, आपल्याकडे २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. मी मोठ्या गंजात अर्धा तास चांगलं खदखदू देतो, वरून उकळी दिसली की उतरवायचं असं नाही, मधून हलवावं लागते नाहीतर आतले गोळे कच्चेच राहतात. लाकूड जास्त लागते पण करतो. शिजवलेलं अन् कच्चं यांच्या बादल्या पण वेगळ्या ठेवा.

वर्धारोडचा_पिंटू:
क्लासिकलची लस आहे ना मग आजच सगळ्यांना टोचून टाका, वाट कशाला पाहता?

वेट_सेमिनरीहिल्स:
पिंटूभाऊ, नाही. तापलेल्या कळपात एकच सुई एकामागून एक फिरवली तर जे वाचले असते त्यांनाही रक्तातून रोग द्याल. लस निरोगी जनावराला, डॉक्टर सांगतील तेव्हा. आफ्रिकन निघाला तर १ किलोमीटरच्या आतली डुकरं मारावी लागतात अन् १० किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. हे ऐकून लोकं लपवतात, मला समजते, घर त्याच्यावर चालते. पण भरपाई सरकारी आदेशानं मारलेल्या जनावराची असते, स्वतःहून मेलेल्याची नाही, त्यामुळे लपवण्यात पालकाचंच नुकसान जास्त.

हिंगणा_वराहपालक:
१९६२ ला लावला, गाडी दुपारी येते म्हणाले. व्यापाऱ्याला नाही सांगितलं, तो चिडला, जाऊ द्या. गडी आमच्या शेजारच्या फार्मवर पण कामाला जाते, त्याला पाठवू का?

वेट_सेमिनरीहिल्स:
बिलकुल नाही. त्याचे बूट-कपडे तुमच्याच इथे ठेवा, आंघोळ करून घरी जाऊ द्या अन् रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या कोणत्याच डुकरांजवळ जाऊ देऊ नका. शेजाऱ्याला पण आत्ताच फोन करून सांगा.